हॉटेलच्या दारातला फेटा

मोठ्या हॉटेलच्या दारात फेटा बांधून उभा केलेला माणूस दिसला की माझं डोकं फिरतं. त्या माणसावर माझा राग नाही. तो पोटासाठी उभा असतो, दिवसभर दार उघडतो, बंद करतो, येणाऱ्याजाणाऱ्याला सलाम ठोकतो. माझा राग आहे तो ज्याच्या डोक्यातून हे पहिल्यांदा निघालं त्याच्यावर. गोरा साहेब गेला, पण त्याचा कोट आणि टाय आत टेबलावर जेवायला बसले आणि आमच्या वाडवडलांचा फेटा बाहेर दार धरून उभा राहिला. हे कुणालाही खटकत नाही. मी बोलले तर घरातली मुलं म्हणतात, आई, तुझं आपलं काहीतरीच, किती रुबाबदार दिसतात ते! रुबाबदार म्हणे. रुबाब काय असतो ते मी माझ्या वडिलांच्या डोक्यावर पाहिलंय आणि अशाच एका हॉटेलात त्या रुबाबाचं काय झालं तेही पाहिलंय. पाहिलंय असं म्हणते, पण मी काही लांबून बघत नव्हते.

आबा, म्हणजे माझे वडील, कोल्हापूरच्या गूळ बाजारात तोलाईदार होते. गुळाच्या गाड्या यायच्या, रवे म्हणजे ढेपा उतरायच्या, सौदा निघायचा आणि वजनाला आबा उभे राहायचे. त्यांनी काटा धरला की शेतकरीही गप्प आणि व्यापारीही गप्प. शिक्षण चौथीपर्यंत. पण बाजारात दोन माणसांचं भांडण लागलं की तिसरा म्हणायचा, आबांना बोलवा. अंगात पांढरा सदरा, खाली धोतर, पायात करकर वाजणारी पायताणं आणि डोक्याला फेटा. रोजचा पांढरा, लग्नकार्याला रंगीत. सकाळी बांधलेला फेटा घरी येईपर्यंत उतरत नसे आणि घरातसुद्धा डोक्याला पंचा गुंडाळलेला असे. आठ-नऊ मीटर कापड ते. बांधण्याआधी त्याच्या चुण्या पाडायला दुसरं टोक कुणीतरी धरावं लागतं. आमच्या घरात ते काम माझं. मी जरा सैल सोडलं की आबा ओरडायचे, "अगं धर की नीट, जेवली न्हाईस व्हय?" आरसा त्यांना कधी लागला नाही. दोन मिनिटांत फेटा डोक्यावर आणि आबा दाराबाहेर.

मला स्थळ आलं ते मुंबईचं. मुलगा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, घर स्वतःचं, माणसं शिकलेली. सासरची मंडळी मूळची आमच्याच कागलकडची. सासऱ्यांचे वडील गिरणीत नोकरी लागली म्हणून मुंबईला गेले आणि तिथलेच झाले. म्हणजे दोन पिढ्यांमागं यांच्याही घरातल्या खुंटीला फेटाच होता. हे मुद्दाम सांगते, कारण परक्यानं हसणं वेगळं आणि आपल्यातल्यानंच नाकानं कांदे सोलणं वेगळं. परक्याचा राग मला एवढा येत नाही.

लग्न कोल्हापुरात झालं. आमच्याकडची रीत अशी की मांडवात वराकडच्या पुरुषांना मुलीकडच्यांनी फेटे बांधायचे. त्यासाठी खास बांधणारा माणूस बसवतात, पण व्याह्याला फेटा मुलीच्या बापानं स्वतःच्या हातानं बांधायचा. आबांनी व्याह्यांसाठी भारीतला फेटा आणला होता. तो घेऊन ते पुढं झाले तर सासरे म्हणाले, "असू द्या, असू द्या, नंतर बांधतो. केस बिघडतात." केस! पाच-सहा बटा होत्या, त्या तेलानं आडव्या चिकटवलेल्या. आबांनी फेट्याची घडी त्यांच्या हातात दिली, हात जोडले आणि बाजूला झाले. ती घडी त्यांनी कुठल्याशा पिशवीत कोंबली. मी बोहल्यावरून बघत होते. तेव्हाच मला समजायला हवं होतं, पण नव्या नवरीला त्या दिवशी काय समजतं?

मुंबईत गेल्यावर पहिल्याच आठवड्यात माझ्या भाषेचा विषय निघाला. आमच्या कोल्हापूरकडं बायकासुद्धा मी आलो, मी जेवलो असंच बोलतात. मी सवयीनं "आलो, आलो" म्हणून स्वयंपाकघरातून बाहेर आले तर सासूबाईंनी पाहुण्यांसमोर सांगितलं, "आमच्याकडं अजून एक मुलगा आलाय बरं का." सगळे हसले. मीही हसले. हसण्यावारी न्यायची मला फार लवकर सवय लागली, आणि त्या सवयीचा मला आज जेवढा राग येतो तेवढा सासूबाईंचाही येत नाही.

तर मुंबईच्या लोकांसाठी वेगळं रिसेप्शन ठरलं, फोर्टातल्या एका जुन्या नावाजलेल्या हॉटेलात. नवऱ्याच्या कंपनीचे साहेब येणार होते, सासऱ्यांचे बडे ओळखीचे येणार होते. सासूबाईंनी आबांना पत्र घातलं की समारंभ आहे, अवश्य यावे, तुमच्याकडचे मोजकेच आणावे. आबांनी त्यातलं 'अवश्य यावे' तेवढं वाचलं. आई, आत्या, चुलते, शेजारपाजार धरून सतरा माणसं रात्रीच्या गाडीनं निघाली आणि सकाळी लालबागला एका नातेवाइकाच्या दोन खोल्यांत उतरली. आबांनी नवाकोरा फेटा घेतला होता, लालभडक, जरीच्या काठाचा.

मी सासरच्यांबरोबर मोटारीतून आधीच पोचले होते. हॉटेल साहेबाच्या काळातलं. दगडी पायऱ्या, उंच छत, काचेची झुंबरं, पाऊल बुडेल असा गालिचा. आमचा हॉल तळमजल्यावर होता. आम्हा दोघांना फुलांच्या कमानीखाली मखमली खुर्च्यांवर बसवलं होतं आणि हॉलचं दार उघडं असल्यामुळं मला समोर थेट हॉटेलचं मुख्य दार दिसत होतं. त्या दारात दोन दरवान. अंगात पांढरे लांब डगले, कमरेला पट्टे आणि डोक्यावर लाल फेटे, मागं शेमला सोडलेला, पुढं तुरा काढलेला.

आबा आले ते थेट माझ्यापाशी आले. चेहरा नुसता फुलला होता. खाली वाकून मला म्हणाले, "मुंबईत बी फेट्याला मान हाय बघ पोरी. दारातच फेटंवाली मानसं उभी केल्यात. त्यातला एकजण आपल्या शाहूवाडीचा हाय की! मला म्हनला, आबा, कुठलं तुमी?"

मी म्हणाले, "बसा आबा, खुर्च्या आहेत."

"बसतोय कसला? लेकीच्या बापानं आत बसून चालतंय व्हय? मी दारात ऱ्हातो. पावणं यायचं हाईत."

आमच्याकडं कार्याच्या दिवशी मुलीचा बाप दारातच असतो. आलेल्या प्रत्येकाला हात जोडायचे, या म्हणायचं आणि पाहुण्याच्या हातात जे काही ओझं असेल ते आपल्या हातात घ्यायचं. पाहुणा स्वतःची पिशवी स्वतः घेऊन आत गेला तर घरधन्याला चार लोक नावं ठेवतात. आबा हे लहानपणापासून करत आले होते. मला ते इतकं सरळ वाटलं की मी मान हलवली. पुढं काय वाढून ठेवलंय हे ना त्यांना कळलं ना मला.

आबा दारात जाऊन उभे राहिले, त्या दोन दरवानांच्या शेजारी. लाल फेट्यांत तिसरा लाल फेटा. लोक यायला लागले. "या पावणं, या," आबांचा आवाज मला आतपर्यंत ऐकू येत होता. गूळ बाजारातला आवाज तो, हळू बोलायची त्याला सवयच नव्हती. एक बाई आल्या, त्यांनी आबांकडं न बघताच हातातली मोठी पिशवी आणि भेटवस्तूचा खोका त्यांच्याकडं दिला आणि पुढं चालू लागल्या. आबा ते दोन्ही घेऊन त्यांच्यामागून लगबगीनं हॉलपर्यंत आले, नीट टेबलावर ठेवून परत गेले. मग दुसरे, मग तिसरे. कुणी न बोलता शाल दिली, कुणी हॅट. साठीतला माणूस दारापासून हॉलपर्यंत नुसत्या येरझाऱ्या घालत होता आणि प्रत्येक वेळी माझ्याकडं बघून हसत होता. शाहूवाडीच्या त्या दरवानानं दोनदा पुढं होऊन लोकांना काहीतरी सांगितलेलं मी पाहिलं. काय सांगितलं ते ऐकू आलं नाही, पण त्याच्याकडंही कुणी बघितलं नाही. दरवानाचं ऐकतं कोण?

मग आबा मुठीत काहीतरी धरून आले. माझ्या नवऱ्यापुढं मूठ उघडली तर मोटारीच्या किल्ल्या. "जावईबापू, ह्या तुमच्या कुना पावण्याच्या. इश्वासानं दिल्यात माझ्यापाशी. हरवल्याबिरवल्या तर काय घ्या, तुमी ठेवा." त्या किल्ल्या नवऱ्याच्या साहेबांच्या होत्या. मोटार बाजूला लावायला दिलेल्या. नवरा लालबुंद झाला, किल्ल्या खिशात टाकून घाईघाईनं बाहेर गेला. आबांना वाटलं, किती तत्पर जावई.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी गिळलं असतं. पण पुढच्या खेपेला आबा आले ते थेट आमच्या खुर्चीपाशी आले आणि माझ्या हातात त्यांनी दोन रुपयांची नोट ठेवली. म्हणाले, "एका पावण्यानं दारातच आहेर दिला. घाईत असंल बिचारा. नाव इचारायचं ऱ्हाऊन गेलं बघ माझ्याकडनं." आणि नाव विचारायचं राहिलं म्हणून खरोखर हळहळत ते परत दाराकडं गेले. त्या नोटेकडं बघून माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

शेजारी सासूबाई त्यांच्या दोन-तीन मैत्रिणींबरोबर उभ्या होत्या. त्यातली एक हसत हसत म्हणाली, "अगं, इथला तो म्हातारा दरवान कसला गोड आहे! मला म्हणाला, 'या पावणं!' आणि माझं सगळं सामान आत आणून दिलं. किती शिकवलेले असतात नाही हे लोक?"

सासूबाईंना माहीत होतं तो म्हातारा कोण. महिन्यापूर्वी त्याच्याच दारात त्या जेवल्या होत्या. त्याच्या मुलीला सून म्हणून आणलं होतं. "ते आमचे व्याही," एवढं बोलायला काय लागतं? पण बाई हसल्या नुसत्या. मग माझ्याकडं झुकून, ओठ फारसे न हलवता म्हणाल्या, "तुझ्या वडिलांना सांग तो फेटा काढून ठेवायला. लोकांचा गोंधळ होतोय."

लोकांचा गोंधळ होत होता! तो गोंधळ त्या एका वाक्यात मिटवू शकल्या असत्या. मीही मिटवू शकले असते. ती मैत्रीण माझ्यासमोर हातभर अंतरावर होती. ते माझे वडील आहेत, एवढंच मला म्हणायचं होतं. तोंड उघडलंसुद्धा मी. पण नवऱ्याचे साहेब याच वेळी आत येत होते, नवरा मागून येत होता, सगळे आमच्याकडं बघत होते आणि मी ते परत मिटलं. आणि आता खरं काय ते सांगते. त्या क्षणी मला राग आला तो सासूबाईंचा नव्हे, त्या मैत्रिणीचा नव्हे, हॉटेलचाही नव्हे. मला राग आला आबांचा. कुठं उभं राहावं कळत नाही यांना? एवढा मोठ्यांदा बोलायला काय झालंय? सतरा माणसं कशाला आणली? हे सगळं माझ्या मनात आलं, माझ्या बापाबद्दल, ज्याच्या नुसत्या नावानं बाजारातली भांडणं मिटत होती.

मी खुर्चीवरून उठले, दारापर्यंत गेले. म्हणाले, "आबा, फेटा काढा."

त्यांना वाटलं फेटा कुठं सुटला-बिटला. हात वर नेऊन त्यांनी चाचपून बघितलं. "चांगला बसलाय की."

"तसं नाही. काढून ठेवा म्हणते. इथं तसंच असतं."

"काढू?"

"हो. काढा ना आबा, लोक बघतायत."

"कशापायी गं?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग शेजारच्या दोन दरवानांकडं बघितलं. फेट्यांकडं बघितलं, डगल्यांकडं बघितलं, त्यातल्या एकाच्या हातात कुणीतरी तेव्हाच टेकवलेल्या नाण्याकडं बघितलं. आणि मग माझ्या मुठीत अजून चुरगळून धरलेल्या त्या नोटेकडं. आबा अडाणी नव्हते. त्यांना समजलं. समजलं हे मला दिसलं आणि मला समजलंय हे त्यांना दिसलं. शाहूवाडीच्या दरवानानं तोंड फिरवलं.

टोपी काढावी तसा त्यांनी फेटा उचलून काढला नाही. एकेक फेर उलगडला, हातावर गुंडाळत गेले, घडी केली आणि ती माझ्याकडं दिली. कपाळावर फेट्याची रेघ होती. रेघेखालचा चेहरा बाजारातल्या उन्हानं रापलेला आणि वरचं सगळं पांढरंफटक, विरळ केसांचं. मी ते डोकं एवढ्या माणसांत उघडं कधी बघितलं नव्हतं. नाही, एकदा बघितलं होतं, आजोबा वारले तेव्हा. आमच्याकडं घरचं माणूस गेलं की पुरुष डोक्यावरचं उतरवतो आणि दिवसकार्य झाल्यावर सोयरे येऊन त्याच्या डोक्याला पुन्हा फेटा गुंडाळतात, तोवर तो उघड्या डोक्यानं असतो. कार्याच्या घरी कुणी उघड्या डोक्यानं उभं राहत नाही, आणि मुलीचा बाप तर नाहीच नाही. हे मला कुणी सांगायला नको होतं. शेंबडं पोरही सांगेल. मला ठाऊक होतं आणि तरी मी काढा म्हणाले.

आबा आत येऊन शेवटच्या रांगेतल्या एका खुर्चीत बसले. काय करावं न कळून दोन्ही हात मांडीवर ठेवले. मी फेट्याची घडी आमच्या खुर्चीमागं, भेटवस्तूंच्या ढिगात सरकवून ठेवली. फोटोवाला म्हणाला, मॅडम, जरा हसा.

एवढ्यात आत्या आली. आत्या म्हणजे आबांची थोरली बहीण. ती इतका वेळ आईबरोबर आणि आमच्याकडच्या बाकीच्या सगळ्यांबरोबर पलीकडच्या खोलीत चहाला गेली होती, तिला यातलं काहीही माहीत नव्हतं. नऊवारी नेसलेली, हातात खाण्याची बशी, नवी जागा बघायच्या उत्साहात इकडंतिकडं बघत येत होती. तिला आबा दिसले आणि ती जागच्या जागी थिजली. बशी तिरकी झाली, त्यातलं काहीतरी गालिच्यावर सांडलं.

"कोन गेलं रं?"

आबांचाच आवाज तिचा, तसाच खणखणीत. सगळा हॉल मागं वळला. नवऱ्याचे साहेब वळले, सासूबाई वळल्या, ती मैत्रीणही वळली.

"अरं बोल की! कोन गेलं? गावाकडनं तार आली काय?"

आबा घाईघाईनं उठले. एक हात आपोआप डोक्याकडं गेला आणि तिथं काही नाही म्हणून तसाच खाली आला. "कोन न्हाय गं आक्का," ते म्हणाले. "कोन कशाला जातंय? लई उकडाय लागलं, म्हनून काढला."

त्या हॉलमध्ये एसीचा इतका गारठा होता की आत्यानं पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट लपेटून घेतला होता. तिनं आबांकडं बघितलं. मग हॉलच्या त्या टोकाहून माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. तेवढं तिला पुरलं.

"असं व्हय," ती म्हणाली. एवढ्या हळू आवाजात तिला बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. बशी खाली ठेवून ती आबांच्या शेजारच्या खुर्चीवर बसली आणि तिनं त्यांचा हात धरला.

अजूनही वेळ गेली नव्हती. ती मैत्रीण तिथंच उभी होती आणि सासूबाईंना विचारत होती, कोण गं हे? मी बोलू शकले असते. पण पुढचे पाहुणे फुलांचा गुच्छ घेऊन आमच्यासमोर येऊन उभे राहिले होते, आणि मी उठून त्यांना नमस्कार केला.